ग्रुपबाहेरचे हंबीरराव

मंगळवार पेठेत चन्नाप्पांचा फोटो स्टुडिओ होता आणि तो खरा चालवायची त्यांची मुलगी विद्याश्री. लग्नाचे अल्बम पोटासाठी. जीव मात्र आकाशात. कोल्हापुरात हौशी मंडळींनी आकाशदर्शनाचा क्लब काढला, तेव्हा सायबर कॅफेत बसून त्याचा ऑनलाइन ग्रुप उघडला तो तिनंच. चंदगडच्या मास्तरांपासून नाशिकच्या डॉक्टरांपर्यंत माणसं जमली. कुणाला गुरूचे चंद्र दिसले की सगळ्यांना मेल.

क्लबचे अध्यक्ष हंबीरराव. शिरोली एमआयडीसीत त्यांची फौंड्री आणि तिच्या गच्चीवर त्यांची भलीमोठी दुर्बीण.

२००३च्या ऑगस्टात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ आला. ढग जरा फाटले तेवढ्यात विद्याश्रीनं त्या दुर्बिणीला कॅमेरा जोडून त्याचा फोटो टिपला. ध्रुवावरचा पांढरा ठिपकासुद्धा स्वच्छ आला होता. आठवड्यानं तोच फोटो पेपरात छापून आला. खाली नाव हंबीररावांचं.

बैठकीत तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "फोटो मी काढलेला हाय. तुम्ही तर खाली चहा पीत होता की."

"आणि दुर्बीण कुणाची?" हंबीरराव हसले. "तू आपली पासपोर्ट फोटू काढ जा!"

बैठक खो खो हसली. तिला फोटोपेक्षा ते हसणं जास्त झोंबलं. पुढच्या बैठकीचं बोलावणं आलंच नाही.

"ग्रुप तुझा हाय न्हवं? काढून टाक त्याला," चन्नाप्पा म्हणाले.

"आत्ता न्हाय, अप्पा. आत्ता काढला तर त्याला काय लागणार न्हाय."

ती थांबली. ग्रुपवर हंबीररावांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायची, त्यांच्या मेलांचं कौतुक करायची. ते निर्धास्त झाले.

जून २००४मध्ये शुक्र सूर्यबिंबावरून सरकणार होता. हंबीररावांनी हॉल घेतला, पाहुणे बोलावले, मोठा पडदा लावला. राज्यभरातून ग्रुपवर येणारे फोटो पडद्यावर दाखवणार, असं पेपरात सांगून बसले. त्या सकाळी विद्याश्रीनं सूर्याच्या फिल्टरचा कॅमेरा स्टुडिओच्या गच्चीवर लावला, खाली येऊन कॉम्प्युटर सुरू केला आणि हंबीररावांचं नाव ग्रुपातून काढलं.

भरल्या हॉलमध्ये पडद्यावर अक्षरं उमटली : आपण या ग्रुपचे सदस्य नाही.

फोन आलाच. "विद्याश्री, अगं ग्रुप उघड ना! माणसं बसल्यात हितं!"

"जमणार न्हाय. पासपोर्ट फोटोला गर्दी हाय," ती म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला. मग वर जाऊन तिनं सूर्यावरचा शुक्राचा काळा ठिपका मनासारखा टिपला. इतकं गोड ऊन तिनं कधी अनुभवलं नव्हतं.

हंबीररावांनी दुसऱ्या नावांनी ग्रुपात शिरून पाहिलं. त्यांची लिहिण्याची ढब ती ओळखायची आणि दार लावायची. हळूहळू माणसं त्यांच्या बैठकीला जाईनाशी झाली. सगळ्या गप्पा, सगळे बेत ग्रुपवर ठरत.

पाच वर्षांनी, २००९च्या सूर्यग्रहणाआधी, हंबीरराव स्वतः स्टुडिओत आले. खूप उतरले होते. "मला घे परत. एकट्यानं बघण्यात मजा न्हाय गं."

तिनं त्यांना कॉम्प्युटरशेजारी बसवलं. "सांगा. मी लिहिते."

ते अडखळत सांगू लागले. मंगळाचा फोटो विद्याश्रीचा होता, आपण खोटं बोललो.

"बैठकीत हसलात, ते?"

तेही त्यांनी सांगितलं. तिनं ते शब्दन्‌शब्द टाइप केलं आणि सगळ्या ग्रुपला पाठवून दिलं. मग त्यांना प्यायला पाणी दिलं.

"आता घेशील न्हवं?"

"बघू," ती म्हणाली.

ग्रुपवर खूप जणांनी लिहिलं, झालं गेलं विसरा, घेऊन टाका. विद्याश्रीनं एकालाही उत्तर दिलं नाही. चन्नाप्पांनी जेवताना एकदा विचारलं, "अजून राग हाय?"

"राग कधीच गेला, अप्पा," ती भाकरी मोडत म्हणाली. "पण त्याला घ्यायचं न्हाय."