थांबायला मिळालेले तीन महिने

न्हावा शेव्याच्या रस्त्यावरचं आमचं गोदाम बंद झालं, तेव्हा मी आणि माझा धाकटा चुलतभाऊ एकाच दिवशी घरी बसलो. मी घरातला पहिला पदवीधर. तालुक्याला शिकलो ते काकांनी, म्हणजे याच्याच वडिलांनी, मिठागरात राबून माझी फी भरली म्हणून. गोदामात मी कायम नोकरीवरचा कारकून होतो, तो कंत्राटी हमाल. बेकारीच्या विम्याची कपात मात्र दोघांच्याही पगारातून व्हायची.

नोकरी गेली की हा विमा तीन महिने अर्धा पगार देतो. भावाला तो फार गरजेचा होता. तो फोर्कलिफ्ट चालवायला शिकला होता आणि परवान्याची परीक्षा महिन्यावर आली होती. तेवढे दिवस निघाले असते तर पाठीवरचं ओझं कायमचं उतरलं असतं.

विमा कार्यालयात माझं काम झालं. भावाची माहिती बघून खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या नावावर चार विमा नंबर आहेत. प्रत्येकावर वर्षभराचीच नोकरी. भत्त्याला एकाच नंबरावर दोन वर्षं लागतात, ती कुठंच भरत नाहीत."

"बाई, मी तर कवापासून येकाच गेटवर हाय!"

कंत्राटदार दर दिवाळीला फर्मचं नाव बदलून नव्या नावाचे टी-शर्ट वाटायचा. पोरं ते बोनस समजून गावभर मिरवायची. दर टी-शर्टामागे त्यांची आधीची नोकरी पुसली जात होती.

दुसऱ्या दिवशी तोच कंत्राटदार चहाच्या टपरीवर पाय पसरून बसला होता. "बाजूच्या यार्डात माणसं घेतोय. रोजची मजुरी जरा कमी हाय. येतोस का?"

"शेट, परीक्षा हाय. म्हयन्यानं आलो तर?"

"तवर काय खाडीचं पाणी पिशील?"

माझ्यासोबतचा दुसरा कारकून, विम्याचाच भत्ता घेणारा, खदखदून हसला.

घरी मी भावाला म्हटलं, "माझ्या भत्त्यातले अर्धे घे."

"दादा, तुझी पोरं काय उपाशी ठेवशील? जाऊ दे."

तो कामावर गेला. परीक्षेच्या दिवशी त्याला सुट्टी दिली नाही.

मी दोन नोकऱ्या नाकारल्या आणि तिसरी घेतली, आधीपेक्षा चांगल्या पगाराची. गावात कौतुक होतं, "शिकलेला माणूस, उगा घाई केली न्हाय." घाई न करण्याचे मला पैसे मिळत होते, हे मी सांगतो. लोक त्याला माझा विनय समजतात, आणि भाऊही त्यांच्यासोबत मान डोलावतो.