दाविदकाका बसून राहिले

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर घ्यायच्या रविवारी चर्चचे आमचे पाळक दर वेळी बायबलमधला तोच इशारा वाचतात. इस्राएल लोक समुद्रातून पार झाले, रानात त्यांनी देवानं स्वर्गातून पाठवलेलं अन्न, मान्ना, खाल्लं, आणि तरी अविश्वासानं नि व्यभिचारानं तिथंच नाश पावले, म्हणून सांभाळा. वाचन संपलं की आम्ही पदर, शर्ट सारखे करून भाकर घ्यायला वेदीकडे जायला उठतो. हा इशारा आता आम्हाला उठायची खूण झालाय.

काल दाविदकाका उठले नाहीत.

"चला, आपली रांग निघाली," काकू हळूच म्हणाल्या.

"तू जा. मी आज बसतो."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. पाळकांनी आत्ता काय वाचलं, ऐकलंस ना?"

लोक म्हणालेच. वेदीपर्यंत पोचेतो काकांनी काय पाप केलं असेल याची कुजबुज सुरू झाली. मीही मनात एक-दोन तर्क करून पाहिले. एवढ्या मंडळीत इशारा ऐकला तो एकाच माणसानं, आणि संशय आला तोही त्याचाच.

मी गुडघे टेकले, हात पुढे केला. भाकरीचा तुकडा तोंडात विरघळत असताना आठवलं, रानात मेले त्यांनीही देवाच्या हातचंच खाल्लं होतं.