दोन स्टेशनांच्या मध्ये पप्पा

माझे पप्पा रेल्वेत चावीवाले होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून ठरलेल्या पट्ट्यात रुळावरून चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या बघायच्या, सैल झालेली ठोकून बसवायची. नगर ते श्रीरामपूर या लाइनीवरच्या लहान लहान स्टेशनांच्या मधे त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर बरीच वर्षं ते ठणठणीत होते. मग हळूहळू विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आई वारल्याचं.

मागच्या डिसेंबरात मावशीच्या नातीचं श्रीरामपूरच्या चर्चमध्ये लग्न होतं. भाऊ म्हणाला, पप्पांना जीपने ने. पण आगगाडीत बसलं की ते शांत असायचे, म्हणून मी हट्टाने त्यांना सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसवलं. खरंच शांत होते. प्रत्येक स्टेशन यायच्या आधीच त्याचं नाव सांगत होते. त्यांना माझं नाव आठवत नव्हतं, पण ही नावं पाठ होती. मला बरं वाटलं, आणि तिथेच मी सैल पडले.

एका स्टेशनवर मागून येणाऱ्या एक्सप्रेसला वाट द्यायला गाडी थांबली. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. आहेराच्या साड्या कोणी आणायच्या यावरून आमची थोडी बोलाचाली झाली. मी खिडकीकडे तोंड करून बोलत होते. फोन ठेवून वळले तेव्हा गाडी चालू झालेली आणि पप्पांची जागा रिकामी. वाटलं, संडासात गेले असतील. दार वाजवलं, तर आतून एक बाई ओरडली. पलीकडचा डबा बघितला. साखळी ओढायची असते हे मला त्या वेळी सुचलंच नाही. दारात उभी असलेली एक भाजीवाली म्हणाली, "पांढऱ्या टोपीचं म्हातारं ना? ते मागंच उतरलं की. पलीकडच्या अंगाला, रुळावर."

पुढच्या स्टेशनवर मी उतरले आणि धावत ऑफिसात गेले. स्टेशन मास्तर तरुण होता, बिहारकडचा. मी मराठीत रडत सांगत होते, तो हिंदीत एकेक प्रश्न विचारत होता. वय काय, अंगात काय, ऐकू येतं का. ऐकू कमी येतं, म्हटल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं आणि फोन उचलला. मागच्या स्टेशनवरून कळलं की एक म्हातारा सिग्नलच्या पुढे चालत जाताना तिथल्या सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनला दिसला होता. पॉइंट्समनला वाटलं, शेतावर चाललेला कोणी असेल.

म्हणजे पप्पा कामावर निघाले होते. हे मी मास्तरला सांगितलं. त्यांच्या काळात इथे एकच लाइन होती. डिझेलच्या गाड्या यायच्या, त्या लांबून ऐकू यायच्या. आता लाइनी दोन झाल्यात, विजेचं इंजिन अंगावर येईपर्यंत कळत नाही. एका रुळावरून बाजूला झालेला माणूस दुसऱ्या रुळावर जाऊन उभा राहतो. हे सगळं मला कुणी शिकवलं नव्हतं, पप्पांनीच जेवताना सांगितलं होतं.

मास्तरने गाड्या हळू आणायचे निरोप दिले. पण एक मालगाडी मागच्या स्टेशनवरून आधीच सुटली होती. ड्रायव्हरशी वॉकीटॉकीवर बोलणं व्हायला काही मिनिटं गेली. मी फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मधे सरळ चकचकीत रूळ आणि त्यावर कोणीच नाही. प्रार्थना करायला गेले तर पहिली ओळसुद्धा आठवेना.

मालगाडी आली, अगदी सावकाश. मी इंजिनाचा पुढचा भाग बघितला. तिथे मी काय शोधत होते ते मला माहीत होतं. काही नव्हतं. एकामागून एक डबे गेले आणि मी प्रत्येकाच्या चाकांकडे बघत राहिले. ड्रायव्हरने मास्तरला सांगितलं होतं की वाटेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची पाच माणसं दिसली, बाकी कोणी नाही. माझी भीती आणखी वाढली. रुळावर नाहीत तर कुठे आहेत? त्या पट्ट्यात कालवा आहे. भावाला फोन लावायला घेतला आणि त्याला काय सांगायचं ते न कळून ठेवून दिला.

मग मास्तरने मला हाक मारली. गँगच्या मुकादमाचा फोन होता. "म्हातारं आमच्यापाशी हाय," तो म्हणाला. "जिवाला काय न्हाई."

गँगमधल्या एकाने मला मोटारसायकलवर बसवून रुळालगतच्या कच्च्या वाटेने नेलं. जाता जाता त्याने सगळं सांगितलं. पप्पा त्यांना वाकून दगडाने चाव्या ठोकत येताना दिसले. हाका मारल्या तरी बाजूला होईनात. दंडाला धरून खाली आणलं, की परत वर जायचे. माझा हातोडा कुणी नेला, म्हणून चिडायचे. शेवटी मुकादमाने अंगातलं भगवं जाकीट काढून त्यांना घातलं आणि म्हणाला, "मामा, गाडी हाय. लाइन सोडा." तसे ते लगेच खाली उतरले, बाकीच्यांच्या रांगेत उभे राहिले आणि मालगाडी जाताना त्यांनी ड्रायव्हरला हात केला. ड्रायव्हरने मोजलेल्या पाच माणसांतले एक माझे पप्पा होते.

ते बाभळीखाली बसून चहा पीत होते. एका पायातली चप्पल गेली होती, अंगठ्यातून रक्त येत होतं. मी धावत त्यांच्याकडे जायला लागले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"बाई, तिथं उभ्या राहू नका," ते म्हणाले. "गाडीचा टायम हाय."

मी रुळापासून लांब झाले. मग त्यांच्या शेजारी बसले आणि मला इतकी थंडी भरली की मुकादमाने आपल्या डब्याचं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं. पप्पा त्याला खालच्या आवाजात विचारत होते, ही कोण, कुणाची. तो म्हणाला, तुमचीच लेक हाय, मामा. पप्पांनी मान हलवली, पण त्यांना पटलेलं दिसत नव्हतं.

लग्नाला आम्ही गेलोच नाही. मावसभाऊ टेम्पो घेऊन आला आणि आम्ही नगरला परतलो. बहिणीला मी अजून सांगितलेलं नाही की तिचा फोन चालू असतानाच पप्पा उतरले. ती स्वतःला दोष देत बसेल, आणि दोष तर माझा होता. आता घराच्या दाराला वरच्या बाजूला, त्यांचा हात पोहोचणार नाही अशी कडी आहे. मी भाजी आणायला गेले तरी दहा मिनिटांत परत येते. येताना आधी दाराकडे बघते. रोज, ते आत आहेत हे कळेपर्यंत, मी हातातली पिशवी खाली ठेवत नाही.