बोका मुतलेली रजई

सावली गावात मला खोली मिळत नव्हती. चार घरी गेले. चारही घरी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच दिली म्हणून सांगितलं. रोज नव्या भाडेकरूला खोल्या देणारं हे गाव मोठं उदार असलं पाहिजे. पाचवं घर पिंजारी चाचीचं. नवरा गेल्यावर कापूस पिंजायचं काम तिने स्वतःच हाती घेतलं होतं. गाद्या, रजया भरून द्यायची. तिने आडनाव विचारलं नाही. मी विडी ओढते का, एवढंच विचारलं. आधीच्या भाडेकरूने कापसाजवळ विडी पेटवली होती, म्हणून चाचीने त्याची पेटी उचलून रस्त्यावर ठेवली होती. हे सगळ्या गल्लीने मला सांगितलं, आणि मी ते कधी विसरले नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी बाविशीची होते आणि गावोगावच्या विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकत फिरत होते. हगवण देवीच्या कोपाने होत नाही, घाण पाण्याने होते, अशी पत्रकं मीच लिहायची. सभेत सरपंचाला तोंडावर विचारायला मी घाबरत नव्हते. पण ती खोली गेली तर काम सोडून मला घरी परत जावं लागणार होतं, आणि परत गेले की बाप लग्न लावून देणार होता. म्हणून चाचीला मात्र मी घाबरत होते.

पावसाळा सरला तरी हवा ओली होती. तिच्या पुढच्या खोलीने ओल धरली, तेव्हा तिने राईस मिलवाल्या बाईच्या तीन रजया माझ्या पेटीवर ठेवल्या. मुलीच्या लग्नाच्या रजया, वरून लाल साटीन, आतून पांढरं अस्तर. जाताना बजावलं, खिडकी उघडी टाकू नको, गल्लीत बोका हिंडून राह्यला. मी हो म्हटलं. मग पोस्टरं रंगवली, ती वाळेनात म्हणून खिडकी उघडली आणि शाई आणायला गेले.

परत आले तर दारातच वास. वरच्या रजईच्या अस्तरावर वीतभर पिवळा डाग होता. रजया दोन दिवसांनी द्यायच्या होत्या. मी दार लावलं आणि खाली बसले.

तिथेच उठून चाचीला सांगायचं, तर मी अक्कल चालवली. कोपऱ्याची शिवण उसवली, डागाचं अस्तर सोडवलं, ओला कापूस काढून कागदात बांधला. अस्तर गरम पाण्यात टाकलं. वास दुप्पट झाला. लिंबू पिळलं. अगरबत्ती लावली, तर देवळात बोका बसल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लीचिंगचा डबा आठवला. विहीरच्या विहीर शुद्ध करणारी पावडर, तिच्यापुढे वीतभर डाग काय! अस्तर पांढरं, रंग जायची भीती नाही. चाची अंगणाच्या टोकाला पिंजत होती. मी न्हाणीत बादली नेली, लिंबाच्या पाण्यातच अस्तर बुडवलं, वरून दोन मुठी ब्लीचिंग. नाकात असं काही शिरलं की डोळे मिटले. आमच्या पत्रकात मीच लिहिलं होतं, वास जितका उग्र तितकी पावडर ताजी. मी खूश झाले, न्हाणीचं टिनाचं दार ओढून घेतलं आणि खोलीत पोस्टरांच्या घड्या घालत बसले.

दुपारची अजान झाली. ती मी रोज ऐकायची. पण त्या दिवशी टिनाचं दार करकरलं तेव्हा कुठे डोक्यात आलं, की चाची आता वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला, न्हाणीत गेली.

मी पळाले. चाची बादलीवर वाकलेली, एक हात भिंतीला. लिंबाच्या आंबटाने ब्लीचिंगमधून विषारी वायू सुटतो, हे आमच्या पत्रकात नव्हतं. छाती तिची आधीच कापसाच्या धुळीने खाल्लेली. तिला काखेत धरून मी ओढत अंगणात आणलं आणि बसवून ठेवलं. ओठ काळेनिळे पडले होते. श्वास आत जाताना पिंजणाच्या धनुकलीची तात वाजावी तसा आवाज येत होता. शेजारणी जमल्या. एकजण म्हणाली, हिले नजर लागली. एरवी मी तिला पत्रक वाचून दाखवलं असतं. त्या दिवशी मी चाचीच्या डोळ्यांवर पाणी मारत होते आणि मनात फक्त एकच होतं, ही मेली तर मी मारली.

बऱ्याच वेळाने तो आवाज उतरला. चाचीने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "बादलीत काय टाकलं वं?"

मी सगळं सांगितलं. खिडकीपासून.

"अन् मले काऊन नाई सांगतलं?"

"खोली जाईल म्हणून."

ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "मुताचा वास लपवाले निंगाली, अन् माणूस माराले बसली होतीस. विहिरीची मोठी डाक्टरीण."

शेजारणी हसल्या. मला रडू आलं. खोलीबद्दल ती काहीच बोलली नाही, आणि ते जास्त भीतीचं होतं.

संध्याकाळपर्यंत तिने मला बसल्या जागेवरून राबवलं. आधी अस्तर थंड पाण्यातून इतक्यांदा काढायला लावलं, की माझी बोटं सुरकुतली. गरम पाण्याने वास सुतात बसते, म्हणाली. मग रिठ्याचं पाणी, परत साधं पाणी, मग पाण्यात थोडा सिरका, आणि ऊन. मी वाळलेलं अस्तर हुंगून गेला वास म्हटलं, तर तिने त्यावर पाणी शिंपडलं. "वाळला कपडा लबाड बोलते. वल्ला करून हुंग." वास किंचित होता. पुन्हा पहिल्यापासून. कापूस मात्र तिने फेकायला लावला, धुतलेला कापूस भरत नसतात. स्वतःकडचा नवा पिंजून, खोकत, तिने रात्री रजई शिवली.

दुसऱ्या दिवशी मिलवाली बाई आली. आभाळ दाटलेलं, हवा ओली. आज वास उठला तर? मी दाराआड उभी होते. मला वाटलं होतं चाची गप्प राहील. तिने सरळ सांगितलं, हिच्यावर बोका मुतला होता, कापूस बदलला, अस्तर धुतलं, वल्लं करून हुंगून घ्या.

बाईने खरंच पाणी शिंपडून हुंगलं. वास नव्हता. तिच्या तोंडावरूनच कळत होतं की वास नव्हता. मग तिने विचारलं, "ठेवली कुठी होती?"

"त्या पोरीच्या खोलीत."

बाईने माझ्या दाराकडे पाहिलं. बाकीच्या दोन रजया कुठे होत्या ते न विचारता त्या नोकराच्या डोक्यावर दिल्या. तिसरी तिथेच राहू द्या म्हणाली. बोक्याचं तिने ऐकून घेतलं होतं. माझं आडनाव तिला चाललं नाही. मी दाराआडून पुढे आले. चाचीने मला डोळ्यांनीच दाबलं.

बाई गेल्यावर ती रजई घेऊन माझ्या खोलीत आली. आता पेटी रस्त्यावर जाणार, म्हणून मी पुस्तकं गोळा करायला लागले. तिने रजई माझ्या अंथरुणावर टाकली आणि खिडकीची कडी लावली.

"थंडी येऊन राह्यली," म्हणाली. "पुढच्या टायमाले पयले मले सांगजो."

तो हिवाळा मी तिथेच काढला. रोज सकाळी उठले की आधी अस्तरावर पाण्याचे चार थेंब टाकून हुंगायची, आणि मग भिंतीपलीकडून चाचीचा खोकला ऐकू येईपर्यंत श्वास धरून बसायची.