अण्णांचा डावा कान

आमच्या गावातली जुनी माणसं अण्णांची आठवण काढतात ती नेहमी एकाच वाक्यानं: "माणूस देवासारखा, पण डाव्या कानानं ठार बहिरा." अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. ते गेले, वहिनी गेल्या, राखणीचा गडीही गेला. त्या वेळचा आता मी एकटाच उरलोय, म्हणून लिहून ठेवतो. अण्णा बहिरे नव्हते. त्यांचे दोन्ही कान शेवटपर्यंत शाबूत होते. त्यांचा डावा कान मी बहिरा केला. बेळगावात, बंदुकीच्या दुकानात, एकही बार न काढता.

आमचं गाव निपाणीच्या बाजूला. घर जैनांचं, शेतात तंबाखू आणि ऊस. इंग्रजांचं राज्य होतं आणि दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. तंबाखूला जनावर तोंड लावत नाही, पण उसात रानडुकरं शिरत आणि खाण्यापेक्षा मोडूनच जास्त ठेवत. राखणीचा गडी रॉकेलचा रिकामा डबा बडवायचा. पहिल्या वर्षी डुकरं पळाली. दुसऱ्या वर्षी थांबून ऐकू लागली. पुढं पुढं तर डबा वाजला की राखण्या कुठल्या बांधावर आहे ते त्यांना कळायचं, आणि ती समोरच्या बांधानं आत यायची.

तेव्हा बंदूक घ्यायची असं अण्णांनी ठरवलं. पाणी गाळून पिणाऱ्या आणि दिवस मावळला की जेवण बंद करणाऱ्या घरात हे सोपं नव्हतं. वहिनींनी अट घातली. "बंदूक आली तर येऊ दे. पण तिच्यापायी मुंगी जरी मेली तर मी माहेरी जाणार."

"हवेत उडवीन की," अण्णा म्हणाले.

पण अण्णांचा स्वभाव शंका काढून मोकळं होणाऱ्याचा नव्हता, शंका घेऊन बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाणाऱ्याचा होता. त्यांनी तिथल्या पूजा सांगणाऱ्या उपाध्यांना विचारलं. उपाध्यांनी पुष्कळ विचार करून सांगितलं की नळीतून जाळ निघतो आणि जाळावर चिलटं येतात. म्हणजे हवेत उडवणंही बंद.

दुसऱ्या कुणीही इथंच नाद सोडला असता. पण निपाणी-बेळगाव सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं अण्णांना एक गोष्ट सांगितली होती. बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या साहेबांकडं नव्या तऱ्हेची अमेरिकन बंदूक असते. नळीच्या खाली लाकडी मूठ असते, ती मागं ओढून पुढं ढकलली की नवं काडतूस आत जातं. त्या ओढण्याचा जो खटका वाजतो तो ऐकूनच डुकरं रान सोडतात. अण्णांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बंदूक तसली घ्यायची, काडतुसं घ्यायचीच नाहीत, नुसती मूठ ओढायची.

"मग डबा काय वाईट हाय?" वहिनी म्हणाल्या. "डब्याला परवाना तरी लागत न्हाय."

"डबा डुकरांनी वळखला. ह्यो आवाज त्यांनी अजून ऐकला न्हाय."

आवाजाच्या बाबतीत अण्णांशी वाद घालायची पंचाईत होती, कारण त्यांचा कान पंचक्रोशीत मानलेला होता. आमच्याकडं गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवून गूळ करतात. काहील चुलाण्यावरून उतरवायची वेळ चुकली तर गूळ करपतो, लवकर उतरवली तर बसत नाही. गुळवे लोक हे पाकाकडं बघून ठरवतात. अण्णा काहिलीकडं पाठ करून बसत आणि ऐकून ठरवत. पाकाचे बुडबुडे फुटायचा आवाज बदलला की ते एवढंच म्हणत, "उतरा." पंचक्रोशीतली माणसं अण्णांना गाडी पाठवून बोलावून नेत. आमच्या घराला मान होता तो जमिनीमुळं कमी आणि त्या कानामुळं जास्त.

पीक राखणीसाठी म्हणून परवाना मिळाला आणि आम्ही दोघं बेळगावला गेलो. मी तेव्हा मॅट्रिक होऊन निपाणीच्या एका वखारीत कारकून होतो. दुकान कॅम्पात होतं. मालक मद्रासकडचे निवृत्त सुभेदार. त्यांना तमिळ आणि इंग्रजी येत होतं, अण्णांना मराठी आणि कानडी. मध्ये मी.

सुभेदारांनी दोन बंदुका टेबलावर ठेवल्या. दोन्ही अमेरिकन, दोन्ही एकनळी, दोन्हींना म्हणे सारखीच मागणी. पहिलीचा घोडा आत लपलेला, दस्ता अक्रोडाचा, तपकिरी, आरशासारखा. रिकामं काडतूस खालच्या बाजूनं पडायचं. दुसरी जुन्या घडणीची. घोडा मागं बैलाच्या शिंगासारखा वर आलेला, दस्ता फिका, काडतूस बाजूनं उडायचं.

"शिकार कशाची करणार?" सुभेदारांनी विचारलं.

"कशाचीच नाही," मी सांगितलं.

त्यांनी अण्णांकडं पाहिलं. डोक्याला पागोटं, हातात दशम्यांची पिशवी. मग त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

अण्णा खुर्चीवर बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाजवा."

सुभेदारांनी पहिलीची मूठ ओढली. तेल घातलेला पाळणा हलावा तसा आवाज आला, आला म्हणेपर्यंत संपलाही. मग दुसरीची ओढली. तिचा आवाज म्हणजे दगडी रस्त्यावरून भांड्यांची गाडी जावी तसा. दाराबाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं.

इथं मला माझं सांगितलं पाहिजे. चिकोडीकडच्या एका स्थळानं माझा फोटो मागितला होता. बेळगावच्या खडेबाजारात फोटो काढायचा आणि हातात बंदूक धरून काढायचा, असं मी मोटारीत बसल्यापासून ठरवलं होतं. ती अक्रोडाची बंदूक पाहिली आणि मला फोटोच डोळ्यांपुढं दिसू लागला. शिंगवाली हातात घेऊन कोण उभा राहणार?

"पहिली शांत आहे, शिकाऱ्याला बरी. दुसरी फार खडखडते," सुभेदार इंग्रजीत म्हणाले.

"काय म्हणत्यात?" अण्णांनी डोळे न उघडता विचारलं.

"पहिली लई वाजती म्हणत्यात," मी म्हणालो.

अण्णांनी डोळे उघडले. "मला तर दुसरी वाजल्यागत झाली."

"दुसरी नुसती जवळ वाजती. पहिलीचा आवाज लांब जातो."

"परत वाजवा म्हणावं."

परत वाजवल्या. कुत्रं दुसऱ्यांदा उठलं. अण्णा माझ्याकडं बघत राहिले. आणि मी ते वाक्य बोललो. "अण्णा, तुम्ही डावा कान बंदुकीकडं करून बसलाय. त्या कानाला जरा कमी ऐकू येत असंल."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ते हसले असते. पण मी त्यांनी शिकवलेला, घरातला पहिला मॅट्रिक. त्यांनी हळूच डाव्या कानाला हात लावला, हरवलेली वस्तू जागेवर आहे का बघावं तसा. "व्हय?" ते म्हणाले. "मला कधी कळलं न्हाय रं."

बंदूक घेतली. खडेबाजारात फोटो काढला. परतताना दिवस मावळायच्या आत संकेश्वरच्या थांब्यावर दशम्या खाल्ल्या. तोवर अण्णा मला उजव्या बाजूला बसवून घ्यायला लागले होते.

घरी अंगणात त्यांनी मूठ ओढून दाखवली. "आवाज आला का?"

"केवढा मोठा," मी घाईनं म्हणालो. राखणीच्या गड्यानं माझ्याकडं पाहिलं, मालकाकडं पाहिलं आणि शिकलेल्या माणसाला दुजोरा दिला. "लई वाजतंय मालक. कानठळ्या बसल्या."

अण्णांचा चेहरा उतरला. एवढ्या मोठ्या आवाजातलं त्यांना फक्त जरासं टक् ऐकू आलं होतं.

वहिनींनी दर आठवड्याला ओव्याचं कोमट तेल त्यांच्या कानात घालायला सुरुवात केली. बस्तीत त्यांना पुढं बसवू लागले. न्हावी ओरडून बोलू लागला, सोयरे ओरडू लागले, उपाध्ये तर शास्त्र वाचताना एवढा आवाज चढवत की बस्तीतले पारवे उडत. सगळे ओरडतात म्हणजे आपलं ऐकणं खरंच गेलं, अशी अण्णांची खात्री होत गेली.

उसात डुकरं आली. अण्णांनी मचाणावरून मूठ ओढली. डुकरांनी मान वर करून पाहिलं आणि ती पुन्हा खायला लागली.

"ही बी डाव्या कानाची असतील," गडी म्हणाला. मग त्यानं आपला डबा काढला.

बंदूक खुंटीला लागली. फोटो चिकोडीकडं गेला आणि परत आला. मुलीच्या वडिलांनी कळवलं होतं की बंदूक बाळगणाऱ्या जैनाच्या घरात मुलगी द्यायला आम्हाला धीर होत नाही. तो फोटो अजून माझ्याजवळ आहे. बंदूक झकास दिसते. बाजूला अण्णा खुर्चीवर आहेत, उजवा कान जरा पुढं काढून.

हे सगळं मी हसत सांगू शकलो असतो, पण त्या वर्षीच्या गुऱ्हाळाला शेजारच्या गावाहून गाडी आली आणि अण्णांनी ती रिकामी परत पाठवली. "एका कानानं काहील ऐकू नये," ते म्हणाले. "माझ्यापायी लोकांचा गूळ करपायचा." त्यानंतर गाड्या यायच्या कमी झाल्या, मग थांबल्या. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं. उद्या सांगू म्हणालो. असे उद्या फार झाले. मधे लढाई सुरू होऊन संपली, माझंही दुसरीकडं लग्न झालं.

स्वातंत्र्य यायच्या आधीचा तो हंगाम. आमचंच गुऱ्हाळ लागलं होतं. अण्णा लांब, चिपाडाच्या ढिगाला टेकून, काहिलीकडं पाठ करून बसले होते. मी त्यांच्याजवळ गेलो, तोच ते स्वतःशीच पुटपुटले, "उतरा."

पाठोपाठ गुळव्या ओरडला, "उतरा रं." माणसांनी काहील उचलली.

मी खाली बसलो. डाव्या बाजूला बसलो. ओव्याच्या तेलाचा वास येत होता. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन हळू आवाजात म्हणालो, "अण्णा, बेळगावात ती दुसरीच जास्त वाजत होती. मी खोटं सांगितलं."

ते समोर बघत होते. मग म्हणाले, "काय? मोठ्यानं सांग."

भोवती अर्धं गाव होतं. गुळवे, गडी, रस प्यायला आलेले सोयरे. वहिनी पलीकडं पोरांना काकवी वाढत होत्या. जे मी कानात सांगितलं होतं ते आता ओरडून सांगायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "गूळ झकास झालाय म्हटलं."

"व्हय," अण्णा म्हणाले. "ते ऐकलं मी."

आणि त्यांनी डाव्या कानातला तेलात भिजवलेला कापसाचा बोळा काढला, चिपाडावर टाकला आणि पुढच्या काहिलीजवळ जाऊन पाठ करून बसले.