बोटभर पत्रा

त्या दुपारी आम्ही नवराबायकोने मिळून पुठ्ठा कापला. आमचं शेवटचं काम ते. बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा होता. मी तो बाहेरून गाडीच्या भोकावर दाबून धरला आणि ती आत वाकून पेन्सिलीने भोकाच्या कडेकडेने रेघ ओढत होती. मग भाजीच्या कात्रीने तिने तो रेघेवर कापला, भोकात बसवून बघितला. नीट बसला. पत्रा उद्या कापू म्हणाली, आता हात भरून आलाय. मला वाटलं कात्रीने भरून आला असेल.

गाडी म्हणजे आमची जुनी मॅटाडोर. सकाळी बायकोला पनवेलच्या बाजारात सोडायचो आणि तसाच पुढे करंजाला जायचो, सुकी मासळी भरायला. बोंबील, जवळा, खारे बांगडे. ती बाजारात बसून विकायची. लोक सुकी मासळी म्हणतात, पण तिचं मीठ सगळं गाडीत झडतं. पावसाळ्यात ते ओलं होतं आणि पत्रा खातं. आतून खातं, म्हणून वरून कळत नाही. रंगाला फोड आला की समजायचं, मागे काही राहिलेलं नाही.

माझे गुडघे गेले तसा धंदा बंद केला. गाडी सुकापूरला घरामागे शेडमध्ये उभी राहिली. आजूबाजूला बिल्डिंगी आल्या, गाडी तिथंच. एक दिवस तीच म्हणाली, गाडी नीट करू या. का, तर तिला करंजाला जायचं होतं. एवढी वर्षं तिथली मासळी विकली, पण बंदर बघितलं नव्हतं. मी करंजाच्या वाटेला लागायचो तेव्हा ती बाजारात बसलेली असायची. मी म्हटलं, एसटीने नेतो. नको म्हणाली. आपल्या गाडीतून, पुढच्या सीटवर, मागे एकपण टोपली नाय अशी.

डेंटिंगवाला येऊन बघून गेला. म्हणाला भोकांत पोटीनचा लगदा भरतो, वरून रंग मारतो, कुणाला कळणार नाही. स्वस्तात होणार होतं, मी हो म्हणत होतो. ती म्हणाली, "कुजक्या मासळीवर बर्फ टाकून इकतात, तसलं आमाला नाय पायजे." तो हसत गेला. परत आला नाही.

मग आम्हीच धरलं. इंजिन एका ओळखीच्या माणसाने चालू करून दिलं, पत्र्याचं आम्ही बघू लागलो. नवा पत्रा आणायची ऐपत नव्हती, आणि आताचा पत्रा पापडासारखा. घरात लग्नातलं लोखंडी कपाट होतं. एका पावसात घरात पाणी शिरलं तेव्हा ते खालून सडलं होतं, पण वरचा पत्रा जाड, खणखणीत. तिनेच साड्या काढून ट्रंकेत भरल्या आणि म्हणाली, घ्या हे. आधी पाठ कापली, मग एक बाजू. ते तुकडे गाडीच्या तळाला आणि चाकांच्या वर गेले. दुसरी बाजू शेवटच्या तुकड्यासाठी ठेवली होती. दरवाजाला हात लावू दिला नाही, त्याला आरसा होता.

कामाची रीत तिची होती. ती गोधड्या शिवायची, त्यातलंच सगळं. आधी हातोडीने गाडीचा पत्रा वाजवत जायची. भद बोलला की खडूची खूण, टण बोलला की तिथं थांबायचं. टणपर्यंत मी छिन्नीने कापून काढायचो. छोटं भोक बघता बघता ताटाएवढं व्हायचं, मग मी वैतागायचो. ती म्हणायची, सडकं ठेवून ठिगळ लावलं तर टाका कशात धरणार? आणि पत्र्याच्या कात्रीने ठिगळ कापताना माझ्या डोक्यावर उभी राहायची.

"बोटभर सोडा."

"दरवेळी काय सांगतेस? माहीत हाय मला."

"माहीत हाय तर कात्री रेघेवर कशाला जाते?"

ठिगळ भोकाएवढं कापायचं नसतं. चारी बाजूंनी बोटभर जास्त, ते चांगल्या पत्र्याच्या मागे जातं आणि तिथं वेल्डिंग धरतं. पुठ्ठा मात्र भोकाएवढाच. ते बोट ती कधी रेघ मारून दाखवायची नाही. तोंडाने सांगायची.

शेवटचं भोक राहिलं ते पुढच्या सीटच्या दाराखालचं. ती बसणार होती त्या बाजूचं. त्याचा पुठ्ठा कापला आणि दिवेलागणीला ती पायरीवर बसली. घाम फुटलाय म्हणाली, पाणी मागितलं. शेजाऱ्याच्या रिक्षातून दवाखान्यात नेली. पोचेपर्यंत संपलं होतं.

तेरावं झालं. पाहुणे गेले. मुलाला शेडची जागा हवी होती, तिथं खोली काढायची होती. वाईट नाही तो. माझ्याजवळ बसून नीट बोलला, की बाबा, आता गाडी कुणासाठी करायची? मी म्हटलं, एक तुकडा राहिलाय. तो म्हणाला, बरं, तुकडा बसवा, मग बघू.

दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठा काढला. पेन्सिलीची रेघ कडेला तशीच होती. कपाटाच्या उरलेल्या बाजूवर ठेवला, खडूने ओढला, आणि कात्रीने कापला. चांगला कापला, एकदापण हात हलला नाही. वेल्डिंगवाला हातगाडीवर मशीन घेऊन आला. त्याने तुकडा भोकाला लावला आणि तो भोकातून आरपार आत पडला. त्याने उचलून परत लावला. चारी बाजूंनी उजेड दिसत होता.

"काका, हा तर पुठ्ठ्याएवढाच कापला तुम्ही," तो म्हणाला. "हवेला वेल्डिंग कसं मारू?"

मी बघत राहिलो. रेघेवर कापला होता. सांगायला कुणी नव्हतं.

राहिलेल्या पट्टीतून एवढं मोठं काही निघत नव्हतं. त्याने विचारलं, जोड देऊन भरू का? मी नको म्हटलं. तिला जोडाचं ठिगळ चालायचं नाही. तो मशीन घेऊन गेला. संध्याकाळी मुलाला सगळं कळलं. तो म्हणाला, उद्या भंगारवाल्याला बोलावतो. मी जेवलो.

सकाळी उठून चहा घेतला आणि कपाटाच्या दरवाजाचा आरसा सोडवला. त्याचे स्क्रू गंजलेले होते, दोन तोडावे लागले. आरसा मोरीजवळ भिंतीला टेकून ठेवला. दरवाजा अंगणात आडवा टाकला, वर पुठ्ठा ठेवला, खडूने ओढला. मग पुठ्ठा काढून खडूच्या रेघेबाहेर बोट टेकवत टेकवत दुसरी रेघ मारली, सगळीकडून. आणि त्या दुसऱ्या रेघेवर कापायला घेतलं.

मुलगा दात घासत बाहेर आला. "बाबा, तो आईचा दरवाजा आहे."

"मंग? बसायची बाजूपन तिचीच हाय."

"आणि गाडी घेऊन जाणार कोण?"

"मी जाईन करंजाला."

त्याने चूळ भरली. मला वाटलं भांडेल. तो आला आणि पत्र्याच्या दुसऱ्या टोकावर पाय देऊन उभा राहिला, म्हणजे कापताना पत्रा हलू नये.

तुकडा लावून बघितला. चारी बाजूंनी मागे गेला. नंतर भंगारवाला आला, तेव्हा मुलाने त्याला कपाटाचा सांगाडा दिला आणि शेडकडे बोट दाखवलं नाही. मी वेल्डिंगवाल्याला फोन लावला आणि मशीन घेऊन ये म्हटलं.