मागच्या दांडीवरची मंडळी

कडकताईंना कडकताई म्हणत ते त्यांच्या इस्त्रीमुळे की जिभेमुळे, यावर गल्लीत एकमत नव्हतं. शर्टाची कॉलर त्यांच्या हातून गेली की घालणाऱ्याची मान आपोआप ताठ होई, आणि कपडे न्यायला उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाची मान तितकीच आपोआप खाली जाई. "आलात का? मला वाटलं, हा शर्ट आता तुमच्या नातवालाच द्यायचा."

लॉन्ड्री त्यांच्या वडिलांची, आप्पांची. शाळा सुटली की कडकताई काउंटरवर चढून बसत, त्या मोठ्या झाल्या तरी उतरल्या नाहीत. रस्त्यालगत काउंटर, मागे इस्त्रीचं टेबल आणि त्याच्याही मागे बिनखिडकीची एक खोली. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोखंडी दांडी, आणि दांडीवर असे कपडे, की जे द्यायला माणूस आला होता, न्यायला आला नव्हता. आप्पा त्यांना 'मुक्कामी' म्हणत. कुणा नर्सबाईंचा पांढरा झगा, एका बँडवाल्याचा सोनेरी बटणांचा कोट, एका पोराचा शाळेचा स्वेटर. ते पोर आता टक्कल पडलेला गृहस्थ झालं असेल.

"आप्पा, देऊन टाका ना कुणाला तरी. दांडी वाकली."

"त्यांनी विश्वासानं दिलेत. ते येणार नाहीत हे ठरवणारे आपण कोण?"

थोरल्या मालकांचा, म्हणजे इमारतीच्या मालकांचा, करडा लोकरी कोटही त्यांच्यातच होता. ऐन थंडीत एक दिवस त्यांनी तो स्वतः आणून दिला आणि न्यायच्या आधीच छातीत कफ होऊन ते गेले. "येईल घरचं कुणीतरी धुलाईची चिठ्ठी घेऊन," आप्पा म्हणाले. कुणी आलं नाही. कोट मुक्कामी झाला.

मग आप्पाच गेले. भर दुपारी, इस्त्रीच्या टेबलापाशी. शर्टाची एक बाही झाली होती, एक राहिली होती. कडकताईंनी चार दिवसांनी दुकान उघडलं, आधी ती बाही पुरी केली आणि मग रडल्या.

थोरल्यांचे चिरंजीव, धाकटे मालक, भेटायला आले. बिचाऱ्यांनी चेहरा सुतकी करून आणला होता, पण नजर छत मोजत होती.

"ताई, वाईट झालं हो. आप्पा म्हणजे देवमाणूस."

"हं."

"पण जागा आम्ही आप्पांना दिली होती. आता आप्पाच नाहीत. म्हणजे... लक्षात येतंय ना?"

"शर्टाचं तिसरं बटण तुटलंय तुमच्या," कडकताई म्हणाल्या. "सगळं लक्षात येतं माझ्या."

त्याच संध्याकाळी त्या वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाईंचे काळे कोट कितीतरी वर्षं याच दुकानातून काळेभोर होऊन जात. त्या कडकताईंना धाकट्या बहिणीसारखं वागवत, म्हणजे रागावत.

"अगं, भाडेकरू गेला म्हणून दुकान गेलं असं नसतं. त्याच्याबरोबर त्याच धंद्यात राबणारं घरचं माणूस असलं, की हक्क त्याच्याकडे येतो. तू राबलीस ना?"

कडकताईंनी नुसते हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे जुने-नवे डाग होते.

"बास. शिवाय सगळी गल्ली साक्षीला येईल. कोर्टाच्या हुकुमाशिवाय तो तुला काढू शकत नाही. वीज-पाणी तोडू शकत नाही. तू फक्त दुकान चालू ठेव. महिनोन्महिने विनाकारण शटर खाली राहिलं, तर 'जागा वापरात नाही' म्हणून मागायला तो मोकळा. आणि कशावर सही करू नकोस. वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा नाही!"

तोडू शकत नाही म्हणाल्या, आणि पुढच्याच आठवड्यात वीज तुटली. वकीलबाईंनी कोर्टात अर्ज टाकला. कोर्टाने तारीख दिली. तारखेने पुढची तारीख दिली. तोवर कडकताईंनी माळ्यावरची कोळशाची इस्त्री काढली, राख फुंकली आणि पहिल्याच दिवशी भुवई भाजून घेतली.

गिऱ्हाईक हळूहळू पातळ झालं. काळोख्या दुकानात कपडे द्यायला माणूस बिचकतो. डाग नाही निघाला तर दिसणार कसा? पण शटर खाली घ्यायचं नाही म्हणून त्या बसून राहत. कामाविना बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. आणि काम नसलं की मागच्या खोलीतलं ऐकू येतं.

आधी वाटलं, उंदीर. मग वाटलं, वारा. पण खिडकी नाही, पंखा बंद, वारा येणार कुठून? हँगरची लोखंडी कुरकुर मात्र येई. हलकी, पाहुणा दुसऱ्या खोलीत कूस बदलतो तशी. मेणबत्ती घेऊन आत गेलं की सगळे गुपचूप. फक्त पांढरा झगा थोडा झुलत असे, नुकतंच कुणीतरी त्याच्या शेजारून गेल्यासारखा. कडकताई दाराशी उभं राहून दरडावत, "गप्प राहा रे सगळे!" आणि बाहेर येऊन खोलीकडे तोंड करून बसत.

करड्या कोटाची तर तऱ्हाच वेगळी. मागची भिंत खचल्यापासून दांडी तिकडे कलली होती, कपडे सरकले तर मागेच सरकायचे. कोट मात्र दर सकाळी दाराशी आलेला असे. कडकताई त्याला मागे नेत, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पुढे. शेवटी त्यांनी नाद सोडला. जाता-येता "काय मालक, बरं आहे ना?" म्हणू लागल्या. मनात भीती होतीच. पण भाडेकरूने मालकाशी बोलणं सोडू नये.

एका संध्याकाळी धाकटे मालक आले. हातात बॅटरी, खिशात कागद, आवाजात लोणी.

"ताई, अंधारात किती दिवस काढणार? इथे एक सही करा, की मी राजीखुशीनं जागा सोडतेय. उद्या तुम्हीही मोकळ्या, मीही."

"सही करायला उजेड लागतो. तो तुम्ही तोडलात."

धाकटे मालक हसले. "बरं, विचार करा. तोवर मागची खोली जरा बघतो. जागा घेणारा शोरूमवाला विचारत होता, किती खोल आहे म्हणून."

ते बॅटरी पेटवून आत गेले. पावलं वाजली, मग वाजायची थांबली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, कुरकुरसुद्धा नाही. कडकताई उठून दारात गेल्या. बॅटरीचा झोत करड्या कोटावर खिळला होता.

"हा इथे कसा?"

"त्यांनीच दिला होता. धुवायला."

"कधी?"

"गेले त्याच्या आदल्या आठवड्यात."

धाकटे मालक भिंतीला टेकले. "बिनकोटाचे फिरायला गेले त्या गारठ्यात. मी सगळ्यांना सांगत फिरतोय, हट्टी माणूस, कोट असून घालत नव्हता." त्यांनी बॅटरी खाली केली. "मीच म्हटलं होतं, बाबा, वास मारतोय त्याला, पाहुणे यायचेत, धुवायला तरी टाका."

कडकताईंच्या जिभेवर त्या दिवशी काहीही कडक आलं नाही. तरी दुकानाचा नियम तोंडातून निघून गेलाच. सवय, दुसरं काय!

"चिठ्ठी आहे?"

"कसली चिठ्ठी?" ते उसळले. "वडिलांची वस्तू आहे! वडील गेले म्हणजे ती मुलाकडे येणार, हे काय कागदावर लिहून आणायचं? मुलगा आहे मी त्यांचा!"

खोलीत शब्द घुमले. कडकताईंनी नुसतं पाहिलं. चटक्यांचे हात पोटाशी घेऊन, शांतपणे. आपण काय बोललो ते धाकट्या मालकांना हळूहळू ऐकू आलं असावं. खिशातला कागद कुरकुरला. हातानेच दाबला असेल त्यांनी.

कडकताईंनी कोट काढून पुढे धरला. "घ्या. चिठ्ठी राहू दे."

त्यांचा हात अर्ध्यावर आला आणि थांबला. कोटाच्या बाह्या पुढे आल्या होत्या, दोन्ही.

"असू दे इथेच," ते घाईने म्हणाले. "सध्या घरी जागा नाही." त्यांच्या घराला दोन मजले होते. दारातून वळून त्यांनी विचारलं, "दुकान चालू असेल ना? म्हणजे... कधी वाटलं मला, यावंसं?"

"चालू ठेवायला उजेड लागतो," कडकताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दिवे आले. "कोटाच्या भरवशावर राहू नकोस," वकीलबाई रागावल्या आणि धाकट्या मालकांना बोलावून भाडेकरार कडकताईंच्या नावे करून घेतला. धाकट्या मालकांनी न वाचता सही केली. त्यावरही वकीलबाई रागावल्या. तो समोरच्या पक्षाचा आहे हे त्यांना जरा उशिराच आठवलं.

निघताना त्यांनी कडकताईंच्या पाठीवर थाप मारली. "झोप आता निवांत. तुला इथून कुणी हलवू शकत नाही."

कडकताई हसल्या. सांजावलं, तशी त्यांनी वायर गुंडाळली, काउंटर पुसला, मागच्या खोलीचा दिवा मालवायला गेल्या. दांडीवर सगळे आपापल्या जागी होते, खांदे ताठ, कॉलर वर, कितीतरी वर्षं कुणी न हलवलेले. वकीलबाईंचं ते वाक्य त्यांना परत ऐकू आलं, आणि या खेपेला त्याने मानेवर काटा आला. झगा आणि बँडवाल्याचा कोट यांच्यामध्ये आज थोडी जागा झाली होती. कडकताईंनी कधी केली नव्हती. साधारण एका माणसाच्या खांद्यांएवढी.

"एवढ्यात नाही हं," त्या पुटपुटल्या. "अजून पुष्कळ कपडे यायचेत." आणि दिवा न मालवताच त्यांनी शटर ओढलं.